कळ दाबताच नवा वॉलपेपर: ‘फेह’ आणि चार ओळींची स्क्रिप्ट

ठरावीक वेळाने वॉलपेपर आपोआप बदलणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत. परंतु एखादे चित्र डोळे भरून पाहत असताना घड्याळाने ते काढून घ्यावे, हे मला कधीच रुचले नाही. चित्र मी म्हणेन तेव्हाच बदलावे, एवढीच माझी गरज होती आणि ती ‘फेह’ या लहानशा, विनामूल्य प्रोग्रामने उत्तम भागवली. मी लिनक्सवर ‘आय-थ्री’ हा विंडो मॅनेजर (पडद्यावरील खिडक्यांची मांडणी करणारा प्रोग्राम) वापरतो आणि वॉलपेपर लावण्याचे काम तो स्वतःकडे घेतच नाही.

फेह हा मुळात चित्रे पाहण्याचा प्रोग्राम आहे. चित्र निवडण्याचे काम मी बॅश या शेलच्या (टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) चार ओळींच्या स्क्रिप्टकडे सोपवले: ‘फाइंड’ फोल्डरमधील चित्रांची यादी करते, ‘ग्रेप’ सध्या लावलेले चित्र तीतून वगळते, ‘शफ’ उरलेल्यांतून एक उचलते आणि ते फेहच्या हवाली होते. सुपर (विंडोज चिन्हाची कळ) आणि एन या कळा एकत्र दाबल्या की पडदा तत्क्षणी बदलतो. वगळण्याची पायरी मी मागाहून घातली, कारण त्याआधी कधी कधी तेच चित्र पुन्हा येई आणि स्क्रिप्ट चाललीच नाही असे वाटे. फाइलचे नाव धरणारा व्हेरिएबल मात्र अवतरणचिन्हांतच हवा. एरवी ‘राजगड पहाट’ अशा नावाचे शेल मधल्या मोकळ्या जागेपाशी दोन तुकडे करते.

फेहची खरी किंमत कळली ती उभ्या फोटोंच्या वेळी. राजगडाच्या बालेकिल्ल्याचा मी काढलेला उभा फोटो फेहच्या ‘बीजी-फिल’ या पर्यायाने लावला, तेव्हा रुंदी पडदाभर भरली, पण कड्याचा माथा आणि पायथा दोन्ही कापले गेले. ‘बीजी-स्केल’ने काहीच कापले नाही, तरी कडा ताणून बसका केला. ‘बीजी-मॅक्स’ने मात्र दोन्ही बाजूंना काळी पट्टी सोडून फोटो जसाच्या तसा दाखवला. आता उभ्या फोटोंचे फोल्डर मी वेगळेच ठेवले आहे.

लावलेले चित्र फेह होम फोल्डरातील ‘.फेहबीजी’ या फाइलमध्ये नोंदवून ठेवतो. लॉगिनच्या वेळी ती फाइल चालवली की कालचेच चित्र समोर येते. ही सोय मला फार मोलाची वाटते.

हे सारे एक्स-११ या लिनक्सवर पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या जुन्या व्यवस्थेपुरते खरे आहे. वेलँड या नव्या व्यवस्थेवरील ‘स्वे’ या विंडो मॅनेजरसाठी ‘स्वेबीजी’ वापरावे लागते. ग्नोम हा डेस्कटॉप आपली पार्श्वभूमी स्वतः रंगवत असल्याने तेथे ‘जीसेटिंग्ज’ ही आज्ञा लागते, आणि २०२२ मध्ये आलेल्या ग्नोम ४२ पासून उजळ व गडद रूपांसाठी चित्राच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात. गडद रूप वापरणाऱ्याने ‘पिक्चर-यूआरआय-डार्क’ ही दुसरी नोंद बदलली नाही, तर स्क्रिप्ट बिनचूक चालूनही पडद्यावर जुनेच चित्र राहते.