रक्त पातळ करायला वॉरफरिन बरी की अपिक्साबॅन?

काकाजींच्या पायाच्या शिरेत गुठळी निघाली, तेव्हापासून घरी हाच विषय चालू आहे. वॉरफरिन स्वस्त, पण ती व्हिटॅमिन के लागणारे 2, 7, 9, 10 नंबरचे फॅक्टर (रक्त गोठवणारी प्रथिनं) लिव्हरमध्ये नीट बनूच देत नाही, म्हणून पूर्ण असर यायला काही दिवस जातात अन् आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) 2 ते 3 मध्ये ठेवायला धंतोलीत लॅबच्या चकरा, त्यात आज व्हिटॅमिन के असलेल्या पालकाची पातळभाजी भरपूर अन् मग आठवडाभर काहीच नाही असं केलं की रिपोर्ट हलतोच. अपिक्साबॅन थेट 10ए ला (10 नंबरच्या फॅक्टरचं चालू झालेलं रूप) अडवते, काही तासांत काम सुरू. पण दिवसातून दोनदा, अन् डोस चुकला की असर लवकर उतरतो बाप्पा! हृदयात धातूचा व्हॉल्व्ह असेल तर मात्र वॉरफरिनच. काकाजींसाठी मला अपिक्साबॅन बरी वाटते, किडनीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवूनच.