मुलासाठी कोणता तक्ता घ्यावा? सचित्र मुळाक्षरे, अक्षरगट आणि बाराखडी यांचा तुलनात्मक आढावा

तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी मराठी अक्षरांचा तक्ता घ्यायचा ठरला की निवड मुख्यतः तीन प्रकारांत करावी लागते. प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र असलेला मुळाक्षरांचा तक्ता हा पहिला. थोडी थोडी अक्षरे एकत्र घेऊन त्यांपासून होणारे शब्द दाखवणारा अक्षरगटांचा तक्ता हा दुसरा. आणि काना, मात्रा, वेलांट्यांसह प्रत्येक व्यंजनाची रूपे मांडणारा बाराखडीचा तक्ता हा तिसरा. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात असो वा तालुक्याच्या गावी, दुकानदार बहुधा पहिलाच पुढे करतो आणि पालकही बालपणीची ओळख म्हणून तोच उचलतात. मात्र या तिघांची कामे वेगवेगळी आहेत. मुलाचे वय, घरातली बोली आणि तक्त्यासमोर रोज थोडा वेळ बसायला घरात कुणी आहे की नाही, यांवर निवड अवलंबून ठेवावी.

सचित्र तक्त्याची सगळी भिस्त एका गृहीतकावर असते: चित्र दिसताच मुलाच्या तोंडी तोच शब्द येईल आणि त्या शब्दाचा पहिला आवाज अक्षराशी जोडला जाईल. कमळ, घर, छत्री, ढग, पतंग, बदक, ससा या चित्रांच्या बाबतीत हे सहज घडते. थव्याचे चित्र पाहून मात्र मूल ‘पक्षी’ म्हणते, धरणाला ‘पाणी’, ईडलिंबाला ‘लिंबू’, एडक्याला ‘बकरी’ आणि क्षत्रियाला ‘राजा’ म्हणते. ऐरण तर आज मोठ्यांपैकीही अनेकांनी पाहिलेली नसते. अशा ठिकाणी मूल चुकत नसून चित्र चुकीचे निवडलेले असते. तरीही ‘राजा नाही, क्षत्रिय म्हण’ असे पढवले जाते आणि अक्षर बाजूला राहून एक अनोळखी शब्द पाठ होतो. म्हणून तक्ता विकत घेण्यापूर्वी तो दुकानातच उलगडावा, अक्षरे हाताने झाकून मुलाला नुसती चित्रे विचारावीत, आणि बरीचशी नावे आपोआप येत नसतील तर दुसरा तक्ता मागावा. महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात वाढणाऱ्या, घरात मराठी जेमतेम ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत ही परीक्षा अधिकच कडक घ्यावी लागते, कारण त्यांना खटारा आणि उखळ यांची चित्रे ओळखीची नसतात आणि नावे तर नसतातच.

या तक्त्याची दुसरी अडचण अक्षरांच्या स्वभावातून येते. मराठी शब्दाची सुरुवात ‘ण’ किंवा ‘ळ’ ने होत नाही, त्यामुळे तिथे बाण आणि बाळ छापलेले असतात. चित्राचा पहिला आवाज म्हणजे अक्षर, हे ज्याने नुकतेच पकडले आहे, असे हुशार मूल दोन्ही ठिकाणी ‘ब’ म्हणते, आणि ते बरोबरच असते. येथे पालकाने ‘शेवटचा आवाज ऐक’ असे सांगून शब्द लांबवून म्हणावा लागतो. वऱ्हाडात किंवा खानदेशात घरी ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ ऐकणाऱ्या मुलासाठी ‘ळ’ हा आवाजच नवा असू शकतो; त्याला तक्त्यापेक्षा कानाचा सराव आधी हवा. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांच्या चौकटी रिकाम्याच असतात, आणि पाच वर्षांच्या मुलाने त्या तशाच सोडून दिल्या तर काही बिघडत नाही. ‘च’ची गंमत वेगळी आहे. चमच्यातला च आणि चित्रातला च यांचे उच्चार मराठीत निराळे आहेत, पण तक्त्यावर जागा एकाच चित्राची असते. अशा वेळी चमच्याशेजारी चेंडूचे छोटे चित्र स्वतः काढून चिकटवावे.

मराठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक तक्त्यांचा मूळ आराखडा हिंदीचा असतो, याकडेही लक्ष हवे. ‘अ’पुढे अनार असेल, ‘ळ’ गायब असेल, तर तो तक्ता मराठीचा नव्हे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना मराठी वर्णमालेत रीतसर स्थान मिळाले आणि पाकळीचा ‘ल’ व देठाचा ‘श’ ही मराठी वळणे प्रमाण ठरली. मुलाला शाळेच्या पुस्तकात हीच वळणे भेटणार असल्याने घरच्या भिंतीवरही तीच असावीत. बॅट, बॉल, डॉक्टर हे शब्द चार वर्षांच्या मुलाच्या तोंडी ऐरणीपेक्षा कितीतरी अधिक वेळा येतात, हेही विसरू नये.

एवढे दोष दाखवूनही साडेतीन-चार वर्षांच्या मुलासाठी मी सचित्र तक्ताच सुचवीन. या वयात अक्षर वाचता येणे हे उद्दिष्ट नसते. शब्द आवाजांचा बनलेला असतो आणि त्या आवाजाला कागदावर एक खूण असते, एवढे उमगले तरी पुष्कळ झाले, आणि ते चित्रांमुळे हसतखेळत उमगते. तक्ता जमिनीवर पसरून एकाने ‘छ’ म्हणावे आणि दुसऱ्याने त्या चौकटीवर चिंचोका ठेवावा, मग भूमिका बदलाव्यात, हा खेळ अर्धा तास सहज चालतो. तीन वर्षांखालचे भावंड घरात असेल तर चिंचोक्यांऐवजी मोठी बाटलीची झाकणे घ्यावीत. काही दिवसांनी चित्रांवर कागदाचे चौकोन ठेवून हाच खेळ खेळावा. चित्र झाकताच अक्षर ओळखू येईनासे झाले, तर आतापर्यंत मूल चित्रच वाचत होते असे समजावे.

मुलाला पाच पूर्ण झाली की तुलना उलटते. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला आहे. कंठापासून ओठांपर्यंत क, च, ट, त, प हे वर्ग ज्या शिस्तीने येतात ती शिस्त व्याकरणाच्या दृष्टीने देखणी आहे. वाचायला शिकणाऱ्या मुलाला मात्र तिचा उपयोग फारसा होत नाही, कारण क, ख, ग, घ ही चार अक्षरे येऊनही त्याला स्वतःच्या जगातला एकही शब्द वाचता येत नाही. अक्षरगटांचा तक्ता नेमकी ही उणीव भरून काढतो. क, म, ल ही तीन अक्षरे आणि सोबत फक्त काना घेतला, तर काका, मामा, काम, लाल, मला इतके शब्द लगेच हाती येतात. त्यात ब मिसळला की बाबाही येतात. ज्या दिवशी मूल तक्त्यावरचे ‘काका’ वाचून खऱ्या काकांकडे बोट दाखवते, त्या दिवशी अक्षरांचा उपयोग काय हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

गट पाडण्याच्या दोन रीती आहेत आणि खरेदी करताना त्यांतला फरक ओळखायला हवा. ‘ग, म, भ, न’ हा आपल्याकडचा जुना गट वळणाच्या साम्यावर बेतलेला आहे. व, ब, क किंवा ट, ठ, ढ, द हेही तसेच. लिहिणाऱ्या हातासाठी हे गट उत्तम, कारण एक वळण बसले की पुढचे अक्षर थोड्या फरकाने जमते. वाचणाऱ्या डोळ्यासाठी मात्र हीच गोष्ट अडचणीची ठरते. भ आणि म, घ आणि ध, प आणि ष एकाच दिवशी शेजारी शेजारी दाखवले, तर मूल त्यांची अदलाबदल करते आणि ती सवय चिवटपणे टिकते. म्हणून वाचनाचा तक्ता घेताना एका गटातली अक्षरे दिसायला एकमेकांपासून दूर आहेत ना, हे पाहावे. क, म, ल यांत ती काळजी आपसूक घेतली जाते. वळणाच्या गटांचा तक्ता पाटी-पेन्सिल हातात आल्यानंतर आणावा. पॉलिश पेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुलाला त्यांवरून बोट फिरवायला दिले, तर हाताला वळण अधिक लवकर कळते; माँटेसरी पद्धतीतली खरखरीत अक्षरे ती हीच.

अक्षरगटांच्या तक्त्याची एक अट आहे, आणि ती अनेकांना जड जाते. हा तक्ता भिंतीवर लावून मोकळे होता येत नाही. सचित्र तक्त्यापुढे मूल एकटे रमते. येथे कुणीतरी शेजारी बसून शब्द जोडून वाचून दाखवावा लागतो, जुना गट पक्का झाल्याशिवाय नवा उघडायचा नाही हा संयम ठेवावा लागतो. दोघेही पालक संध्याकाळी उशिरा घरी येत असतील आणि आजी-आजोबाही जवळ नसतील, तर हा तक्ता घेऊन तो आठवडेच्या आठवडे एकाच गटावर अडकून पडण्याची शक्यता अधिक.

बाराखडीच्या तक्त्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे म्हणजे चारशे आठ चौकटी होतात. ॲ आणि ऑ धरून चौदाखडी छापली असेल तर त्याहूनही अधिक. बालवाडीच्या वयात ही गर्दी अंगावर येते. शिवाय चालीवर म्हटलेली बाराखडी फसवी असते: ‘क का कि की’ खणखणीत म्हणणारे मूल मधल्याच एका ‘कु’वर बोट ठेवले की गप्प होते. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण कागदावर अक्षराच्या आधी लागते, हेही त्याला कुणीतरी दाखवावे लागते. उलट, सात-आठ वर्षांचे मूल सुटी अक्षरे ओळखते पण शब्द वाचताना अडखळते, अशी स्थिती असेल, तर याच तक्त्यासारखे साधन नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या वाचनवर्गांत थोड्या मोठ्या मुलांसाठी बाराखडीचा तक्ता रोज वापरला जातो. तिथे तो आडवा वाचतात तसा उभाही वाचतात. उभ्या ओळीत का, खा, गा, घा असे येत जाते आणि काना लागला की आवाजाचे काय होते ते मुलाच्या लक्षात बसते. घरीही असाच वापर करावा.

बाजारातला कोणताच तक्ता पसंत पडला नाही, तर घरी करणे अवघड नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शिंपले अशा परिसरातल्याच वस्तूंना साधने बनवले होते. तीच दृष्टी येथे लागू पडते. ‘आ’साठी आजीचा फोटो, ‘द’साठी घराच्या दरवाजाचा, ‘न’साठी मोरीतल्या नळाचा, असे फोटो छापून पुठ्ठ्यावर लावले, तर चित्राचे नाव चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. हाताने लिहिणार असाल तर अक्षर मोठे, काळ्या जाड पेनाने आणि पांढऱ्या कागदावर काढावे. रंगीबेरंगी नक्षीच्या अक्षरांत मूळ वळण हरवते. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा प्रकाश पडून अर्ध्या चौकटी दिसेनाशा होतात, म्हणून तक्ता कुठलाही असला तरी तो खिडकीसमोर लावू नये आणि मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा, मोठ्यांच्या नव्हे.

बटण दाबल्यावर बोलणारे तक्तेही आता मिळतात. कामाच्या गडबडीत ते सोयीचे वाटतात, पण त्यांतले उच्चार पुष्कळदा हिंदी वळणाचे असतात. दुकानातच ‘च’, ‘ण’ आणि ‘ळ’ ही तीन बटणे दाबून पाहावीत. ‘ळ’च्या जागी ‘ल’ ऐकू आला तर तक्ता तिथेच परत करावा.