गणगोतासकट न्यायचं की मागाहून जुळवायचं?

एक लेख जुन्या सीएमएसमधून (साईटचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणालीतून) नव्यात न्यायचा म्हटलं, की त्याचा लेखक, टॅग, वरचा फोटो आणि 'हेही वाचा'मधले चार लेख असं सगळं त्याच्यामागे येतं. यातलं काही नव्या ठिकाणी नसेल तर लेख पोचतो, पण लंगडा. या डिपेंडन्सी, म्हणजे एकमेकांवरची अवलंबनं, सांभाळायच्या दोन पद्धती मी ड्रुपल या सीएमएसवर खऱ्या कामात वापरल्या आहेत. तुम्ही सध्या त्या दोन्हींपैकी एक निवडायच्या बेतात असाल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा.

पहिली पद्धत गणगोत सोबत नेण्याची. ड्रुपलचं डीफॉल्ट कंटेंट मॉड्यूल हेच करतं: आयटमचे रेफरन्स एकेक करत पुढे जातं, सापडेल त्या प्रत्येकाची यॅमल फाइल (साध्या मजकुराची फाइल) बनवतं आणि कोण कोणावर अवलंबून आहे ते यूयूआयडीनिशी, म्हणजे प्रत्येक आयटमच्या एकमेव ओळख-क्रमांकानिशी, फाइलच्या डोक्यावरच लिहून ठेवतं. इम्पोर्ट करताना त्यावरूनच क्रम लागतो. ड्रुपल १०.३ पासून रेसिपींबरोबर (साईटच्या तयार मांडणीच्या गठ्ठ्यांबरोबर) इम्पोर्टची ही सोय कोअरमध्ये, म्हणजे मूळ ड्रुपलमध्येही आली.

दुसरी पद्धत नोंदवहीची, म्हणजे ड्रुपलचं मायग्रेट मॉड्यूल. आधी युजर, मग फाइली, मीडिया, टर्म (टॅग, विषय वगैरे) आणि शेवटी लेख. प्रत्येक टप्प्याचं एक मॅप टेबल असतं, त्यात एका बाजूला जुना आयडी आणि दुसऱ्या बाजूला नवा. लेखाच्या ओळीत 'लेखक ४१' दिसलं, की मायग्रेशन लुकअप त्या टेबलात पाहतं आणि नवा आकडा आणून देतं.

सुरुवातीला माझा कल पहिल्या पद्धतीकडे होता. आज्ञा एकच, क्रमाची चिंता नाही. मग चाचणीसाठी एक लेख एक्स्पोर्ट केला. त्याला चार संबंधित लेख होते, त्या प्रत्येकाला आणखी चार, त्यांचे फोटो, त्यांचे लेखक. हवा होता एक लेख, आणि फोल्डरमध्ये साईटचा चांगलाच मोठा हिस्सा उतरला. नको त्या फाइली हाताने काढाव्यात, तर उरलेल्यांच्या डोक्यावर त्यांची नावं तशीच राहतात. साखळी कुठे तोडायची हे त्या साधनाला सांगायची सोपी जागा मला सापडली नाही.

तेवढंही मी चालवून घेतलं असतं. पण खरं अडलं ते सामाईक आयटमांपाशी. पहिला गठ्ठा गेला, नव्या साईटवर संपादकांनी काम सुरू केलं आणि विषयांच्या यादीतल्या काही टर्मची नावं सुधारली. काही आठवड्यांनी दुसरा गठ्ठा नेला, तर त्याच टर्म जुन्या नावांनिशी पुन्हा सोबत. आता पर्याय दोनच: आधीपासून असलेलं सगळं वगळा किंवा सगळ्यावर नवं लिहा. वगळलं तर जुन्या बाजूला दुरुस्त झालेला लेखक-परिचय येत नाही, वर लिहिलं तर संपादकांची मेहनत पुसली जाते. हा निर्णय आयटमागणिक घेता यायला हवा होता, आणि तो घ्यावा लागत होता अख्ख्या इम्पोर्टसाठी एकदम. मी तेव्हा थांबलो.

नोंदवहीत हा प्रश्नच येत नाही. टर्म एकदा पोचल्या, नोंद झाली. नंतरचे लेख फक्त आकडा विचारतात, टर्मला हात लावत नाहीत. लेखक-परिचय पुन्हा हवा असेल तर तेवढाच टप्पा पुन्हा चालवायचा, तोही नेमक्या फील्डपुरता. चूक झाली तर रोलबॅक, म्हणजे आणलेलं मागे घेणं, आहेच.

तिचाही त्रास आहे, तो लपवत नाही. दोन लेख एकमेकांकडे बोट दाखवत असतील तर कुठलाच क्रम पुरत नाही. तेव्हा मायग्रेट स्टब बनवतं, म्हणजे जागा धरून ठेवणारा अर्धवट आयटम, आणि खरी ओळ आली की तो भरतं. पण ती ओळ आलीच नाही तर? स्टबच्या आवश्यक फील्डमध्ये नमुन्याचा मजकूर भरला जातो, त्यामुळे अर्थहीन शब्दांच्या शीर्षकाचा लेख साईटवर राहून जातो. पहिल्यांदा असा लेख यादीत दिसला तेव्हा मी चांगलाच हादरलो. आता प्रत्येक इम्पोर्टनंतर मॅप टेबलातला स्थितीचा रकाना पाहतो: ० म्हणजे झालं, १ म्हणजे अजून भरायचं आहे, ३ म्हणजे फसलं. १ असलेल्या ओळींत न भरलेले स्टब सापडतात. लेख तुकड्यातुकड्यांनी बांधणाऱ्या पॅरेग्राफ्स मॉड्यूलच्या फील्डला आयडीसोबत आवृत्तीचा आयडीही लागतो, तो विसरलात तर रेफरन्स जुळत नाही.

मजकुराच्या पोटातले रेफरन्स दोन्ही पद्धतींना आपणहून दिसत नाहीत. वर्डप्रेसमधून आलेल्या लेखात पुन्हा वापरायचा ब्लॉक एका कमेंटच्या रूपात असतो आणि आत नुसतं 'रेफ ८७' लिहिलेलं. गॅलरीचे आयडीही असेच. ते फील्डमध्ये नाहीत, म्हणून साखळीतही नाहीत. नोंदवही असली की शेवटी एक फेरी मारून ८७ च्या जागी काय आलं ते टेबलातून काढता येतं. गठ्ठ्याच्या वाटेने जायचं असेल तर पाचव्या प्रकारचे यूयूआयडी वापरून पाहा. ते जुन्या आयडीवरूनच तयार होतात, त्यामुळे समोरचा आयटम पोचायच्या आधीच त्याचा पत्ता माहीत असतो. ही युक्ती चांगली आहे, पण सामाईक आयटमांचा प्रश्न तिने सुटत नाही.

एकाच सीएमएसच्या चाचणी साईटवरून खऱ्या साईटवर मोजकी पानं न्यायची असतील, दोन्हीकडे यूयूआयडी तेच असतील आणि मधल्या काळात तिकडे कोणी बदल करणार नसेल, तर गणगोताची पद्धत मीही वापरेन, आणि वापरतोही. नव्या साईटची सुरुवातीची पानं भरायला ती सोयीची पडते. पण सीएमएसच बदलत असेल, काम महिनोन्‌महिने हप्त्याहप्त्याने चालणार असेल आणि नव्या बाजूला माणसं लिहायला बसलेली असतील, तर मला वाटतं मॅपिंग मांडण्यात सुरुवातीचे दोन-चार दिवस घालवावेत. तुमच्या कंटेंटची रचना वेगळी असू शकते, म्हणून 'संबंधित' फील्ड असलेला एखादा लेख निवडा, दोन्ही वाटांनी नेऊन पाहा आणि तो सोबत काय काय ओढून आणतो ते मोजा.