तलावाकाठची खुर्ची की अँब्युलन्सची मागची सीट?

लाइफगार्डचं काम करताय, सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन हृदय बंद पडलेल्याला वाचवायचं तंत्र) येतं, मग कॉलेज सांभाळून अँब्युलन्सवर पार्टटाइम ईएमटी, म्हणजे पेशंटला जागेवरच तातडीचे उपचार देणारा कर्मचारी, व्हायला काय हरकत आहे? हरकत काहीच नाही, मीही तेच केलं. पण ही दोन कामं सख्खी नव्हेत, चुलत आहेत.

लाइफगार्डचा चांगला दिवस म्हणजे अंग न भिजता घरी जाणं. बुडणारा माणूस हात हलवून ओरडत नाही. तो उभाच्या उभा, तोंड पाण्याच्या रेषेवर, आवाज न करता 20 ते 60 सेकंदांत खाली जातो. ते टिपायला नजर तयार होते आणि अँब्युलन्सवर तीच सगळ्यात जास्त कामाला येते. दारातूनच दिसतं, पेशंट गुडघ्यांवर हात टेकून पुढे झुकलाय, एका दमात दोनच शब्द बोलतोय.

कमी पडतं ते विचारणं. माझ्या पहिल्याच आठवड्यात एक आजी घरात पडल्या होत्या. मी मान धरली, पाय तपासला, सगळं शिस्तीत. सीनिअरनं शांतपणे विचारलं, ‘‘पडण्याआधी काय झालं, विचारलंस का?’’ नव्हतं विचारलं. आजी म्हणाल्या, ‘‘उठले, डोळ्यांपुढे अंधार आला, मग काही आठवत नाही.’’ नाडी धरली तर ठोके चुकत होते. दुखणं पायात नव्हतंच. तलावावर कारण डोळ्यांसमोर असतं, इथे ते बोलण्यातून काढावं लागतं. आणि बहुतेक कॉल असेच, वयस्कर माणसांचे, धाप लागल्याचे, साखर उतरल्याचे. सायरन वाजवत थरारक काही रोज करायला मिळेल, ही कल्पना सोडूनच या.

सीपीआर तेच, पण सुरुवात वेगळी. बुडालेल्याचं हृदय ऑक्सिजन न मिळाल्यानं थांबतं, म्हणून आधी श्वास द्यायचे. मोठं माणूस अचानक कोसळलं, तर आधी छाती दाबायची आणि एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, लावायचं. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, हे दोन्हीकडे सारखंच. सरावात माझा हात आपसूक श्वास द्यायच्या मास्ककडे जायचा, ती सवय मोडायला वेळ लागला.

लाइफगार्डचा कोर्स थोडक्या दिवसांत उरकतो. ईएमटीला अमेरिकेत साधारण 150 तास, म्हणजे एक अख्खं सेमिस्टर, वर परीक्षा, आणि सर्टिफिकेटचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण. वय बहुतेक ठिकाणी 18 पूर्ण लागतं. पगाराकडे पाहून उडी मारू नका. कोर्सची फी, परीक्षा, बूट आणि त्या सेमिस्टरला सोडलेल्या शिफ्टा धरल्या, की पहिले काही महिने जमाखर्च उणेच निघतो.

खरा प्रश्न वेळापत्रकाचा आहे. तलावावरची शिफ्ट चार-सहा तासांची, अडलं तर मैत्रिणीशी बदलता येते. अँब्युलन्सवर बारा तास, काही ठिकाणी चोवीस. शिवाय सातला सुटायचं असेल आणि पावणेसातला कॉल आला, तर पेशंट हॉस्पिटलच्या ताब्यात देऊन, रिपोर्ट लिहूनच सुटका. एकदा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मी युनिफॉर्मवरच उभी होते, खिशात ग्लोव्हज तसेच. उलट बाजू अशी, की खुर्चीवर पुस्तक उघडायची सोय नाही, पाण्यावरून नजर हलवायची नसते. अँब्युलन्सच्या स्टेशनवर मात्र दोन कॉलांच्या मधे मी अख्खी युनिट्स वाचून काढलीत. हा फायदा मला आधी कुणी सांगितला नव्हता.

शरीराचं म्हणाल तर तिकडे ऊन आणि डोळे, इकडे कंबर आणि झोप. जिन्यावरून पेशंट उतरवणं ही पोहण्याच्या ताकदीहून वेगळीच गोष्ट, उचलण्याची पद्धत नीट शिकून घ्या.

मेडिसिन किंवा नर्सिंगकडे जायचं असेल, तर माझं मत सरळ अँब्युलन्सच्या बाजूनं आहे. अनोळखी माणसाशी त्याच्या वाईट दिवशी बोलायची सवय दुसरीकडे इतक्या लवकर लागत नाही. नुसता हातखर्च सुटायला हवा असेल, तर खुर्ची सोडू नका. डळमळीत असाल, तर पहिलं वर्ष तलावावरच काढा, हलक्या सेमिस्टरला कोर्स घ्या आणि फी भरण्याआधी एक शिफ्ट निरीक्षक म्हणून बसू द्या, अशी विनंती करून बघा. लाइफगार्डचं सर्टिफिकेट मुदतीत ठेवा. मी अजून सुट्टीत खुर्चीवर बसते.

आणि मुलाखतीत दोन गोष्टी विचाराच. शिफ्ट संपता संपता कॉल आला, तर सुटायला किती उशीर होतो? परीक्षेच्या आठवड्यात ड्युटी बदलून मिळते का? उत्तर गुळमुळीत आलं, तर त्या सेमिस्टरपुरती खुर्चीच बरी.