कार्डाचे पैसे नुसत्या फोनवर घ्यावेत, की फोनला जोडलेल्या यंत्रावर?

नाशिकच्या भांडी बाजारात आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. 2027 च्या सिंहस्थाची तयारी म्हणून आसपासचे दुकानदार सध्या मला एकच प्रश्न विचारतात: ग्राहकाने आपले कार्ड थेट दुकानदाराच्या फोनला टेकवायचे ते अ‍ॅप घ्यावे, की ब्लूटूथने फोनला जोडायचे, स्वतःची बटणे असलेले छोटे कार्ड यंत्र घ्यावे? मी आधी अ‍ॅप वापरले आणि नंतर यंत्राकडे वळलो. भाडे आणि कमिशन ज्याच्या त्याच्या बँकेनुसार बदलते, म्हणून त्यात न शिरता ग्राहकाच्या कार्डाची माहिती कोणत्या थरांखाली राहते आणि ते थर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कसे जाणवतात, एवढेच येथे मांडतो.

फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंतचा प्रवास दोन्हींत टीएलएसच्या, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येऊ न देणाऱ्या पद्धतीच्या, संरक्षणाखालीच होतो, त्यामुळे बाहेरच्या थरात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही. पितळेच्या पातेल्याला बाहेरून कितीही चकाकी असली, तरी आमटी कळकेल की नाही हे आतल्या कल्हईवर ठरते. येथेही फरक आतल्या थरातच आहे. यंत्रात कार्डाचा क्रमांक आणि पिन ही दोन्ही यंत्राच्या आतच कूटबद्ध होतात, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलतात. त्यासाठीची किल्ली, म्हणजे एक गुप्त आकडा, डीयूकेपीटी या पद्धतीने दर व्यवहाराला नवी तयार होते, आणि आजची किल्ली कोणाच्या हाती लागली तरी तिच्यावरून कालच्या व्यवहाराची किल्ली काढता येत नाही. फोन केवळ निरोप्याचे काम करतो. त्याच्याकडे येते ते बंद पाकीट, आणि ते उघडते पैसे वळते करणाऱ्या संस्थेच्या सुरक्षित यंत्रणेतच.

अ‍ॅपच्या बाबतीत कार्डाची माहिती प्रथम फोनच्या अँटेनातून फोनमध्येच येते आणि तेथे अ‍ॅप तिला कूटबद्ध करते. याचा अर्थ ती असुरक्षित असते असा मुळीच नाही. कार्ड व्यवहारांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या पीसीआय या संस्थेच्या 2019 च्या मानकात फोनला कार्ड टेकवण्याची सोय होती, पण त्याच फोनवर पिन घेण्यास परवानगी नव्हती. ती तिच्याच 2022 च्या एमपीओसी या मानकाने मिळाली, आणि तीही कडक अटींवर. किल्ल्यांना फोनच्या सुरक्षित भागाचा किंवा अ‍ॅपमधील खास सांकेतिक रचनेचा आधार असावा, आणि फोनशी कोणी छेडछाड केलेली नाही याची दुरून सतत पडताळणी व्हावी, असा त्यांचा रोख आहे. पडताळणीत थोडी जरी शंका आली, तरी अ‍ॅप व्यवहार थांबवते.

माझा निर्णय झाला तो याच थांबण्यामुळे. दुकानाच्या फोनवर, अनोळखी क्रमांक कोणाचा आहे हे दाखवणारे एक अ‍ॅप होते. व्यापाऱ्याला ते लागतेच. फोन आला की त्याची चौकट पडद्यावरील इतर सर्व गोष्टींच्या वर उमटते, आणि पिनच्या पडद्यावर असे काही आले की पैसे घेणारे अ‍ॅप व्यवहार रद्द करते. तसे करणे योग्यच आहे, कारण पिन चोरण्यासाठी वरून खोटा पडदा टाकणे ही जुनी युक्ती आहे. परंतु लग्नसराईत मुलीच्या संसारासाठी भांडी घ्यायला आलेल्या एका गृहस्थांचा पिन अर्धवट टाकून झाला असताना हे घडले. कार्ड नुसते टेकवून होणाऱ्या व्यवहाराला पिन न घेण्याची मर्यादा 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपये आहे, आणि आमच्याकडील लग्नाची खरेदी सहसा तिच्या पुढे जाते, म्हणजे पिन आलाच. पैसे दोनदा कापले गेले का, या शंकेने ते गृहस्थ पंधरा मिनिटे बँकेच्या संदेशाची वाट पाहत उभे राहिले. पैसे कापले गेले नव्हते. पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला विसरता आली नाही. पुढे असे आणखी काही वेळा झाले. क्रमांक दाखवणारे अ‍ॅप काढून टाकले, तेव्हा मुलाने दुसऱ्या कामासाठी फोनचे डेव्हलपर ऑप्शन, म्हणजे प्रोग्रामरांसाठीची खास सेटिंग, चालू केले होते म्हणून पैसे घेणारे अ‍ॅप उघडेचना. ज्या फोनवर दिवसभर ऑर्डरी, बिले आणि भांड्यांचे फोटो फिरतात, त्याच फोनला तिजोरीची शिस्त लावणे आम्हाला तरी जमले नाही.

यंत्रालाही खोड आहेच. कोणी उघडण्याचा प्रयत्न केला असे त्याला वाटले, तर ते आतल्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकते. आमचे यंत्र एकदा फडताळावरून पडले आणि तेवढ्यानेच बंद झाले. बदली यंत्र येईपर्यंत चार दिवस कार्ड घेता आले नाही. चार्जिंगची आठवणही रोज ठेवावी लागते. उलट डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरील प्रदर्शनात, किंवा पुरात गोदावरीचे पाणी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर चढू लागल्यावर माल वर हलवण्याच्या धांदलीत, खिशातल्या एकाच फोनवर काम भागणे ही मोठी सोय आहे, हे मी मान्य करतो. पूजेची छोटी भांडी, समया, फुलपात्रे असा किरकोळ माल विकणाऱ्याला पिनचा प्रसंग क्वचितच येईल. त्याला अ‍ॅप पुरेसे ठरावे.

माझा अनुभव एका दुकानापुरता आहे, आणि वेगळा फोन फक्त याच कामासाठी ठेवता येत असेल तर माझी तक्रार बरीचशी लागू होणार नाही. पण एकच फोन असेल आणि 5,000 रुपयांवरची बिले नेहमीची असतील, तर मी यंत्राकडेच बोट दाखवीन. आमच्या गल्ल्यावर आज यंत्रच असते. अ‍ॅप एका जुन्या फोनवर ठेवले आहे. त्यात ओळखीच्या कोणाचाही क्रमांक नाही, दुसरे कोणतेही अ‍ॅप नाही, आणि तो प्रदर्शनाच्या दिवशीच कपाटातून बाहेर निघतो.