जे पाटे गाडीत नव्हतेच, त्यांचे पैसे मी भरले

माझ्याकडे टोयोटाची 1993 सालची फोर-बाय-फोर पिकअप आहे. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर पुढचा भाग दगडांना घासायचा, म्हणून ती पुढून चार इंच उचलून घ्यायचं ठरवलं. त्यात माझे 2,150 डॉलर गेले. ओळखीतल्या दोघांनी नुकत्याच अशाच जुन्या गाड्या घेतल्यात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गॅरेजवाल्याने वाकून गाडीखाली पाहिलं आणि म्हणाला, पुढचे लीफ स्प्रिंग बसलेत, जास्त कमानीचे नवे टाकू. लीफ स्प्रिंग म्हणजे आपले पाटे. सांगलीकडे आमच्या अण्णांची महिंद्राची जीप होती, तिला चारी चाकांना पाटे. पाटा तुटला की मिस्त्रीला पाना-पक्कड द्यायला मीच बसायचो. त्यामुळे गाडी पाट्यांवर उभी असते हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. माझ्या पिकअपला मागे पाटे आहेतही. पुढे स्वतः वाकून बघावं असं मनातच आलं नाही. रोख दिले तर 200 कमी घेतो म्हणाला, मी रोख दिले.

गाडी खरंच उंच झाली. पण चाक खड्ड्यात उतरलं की लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठक्क आवाज यायचा. दोन महिन्यांत पुढच्या टायरांच्या कडा झिजल्या, आणि एका सकाळी चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे ग्रीस उडालेलं दिसलं.

अलाइनमेंटच्या दुकानातल्या वयस्कर मिस्त्रीने गाडी लिफ्टवर घेतली, माझ्या हातात बॅटरी दिली आणि म्हणाला, "पुढचे पाटे कुठे आहेत, दाखव." मी शोधत राहिलो. पाटे नव्हतेच.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या फोर-बाय-फोर पिकअपना 1985 पर्यंत पुढे अखंड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा कणा, आणि पाटे होते. 1986 पासून ती रचना बदलली. दोन्ही चाकं स्वतंत्र झाली, प्रत्येकाला वर एक आर्म, खाली एक आर्म (चाक चासीला जोडणारे, वर-खाली हलणारे दांडे), आणि स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार आला. ही वरच्या आर्मपासून चासीला समांतर मागे जाणारी लांब पोलादी सळई. ती पिळली जाते आणि त्या पिळावर पुढचं वजन पेललं जातं. मागच्या टोकाला एक बोल्ट असतो. तो आवळला की गाडी पुढून उठते, एकही पार्ट न घालता. माझ्या गाडीत तेवढंच केलं होतं. सगळीकडे जुना गंज, आणि त्या दोन बोल्टांवर मात्र पान्याच्या ताज्या चकचकीत खुणा.

थोडासा बोल्ट आवळला तर चालतं. पण माझी गाडी त्याने तीन इंच उठवली होती. मग वरचा आर्म त्याच्या खालच्या रबरी थांब्यावरच टेकतो, चाकाला खाली जायला जागा उरत नाही. ठक्क आवाज त्याचाच. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणारी गिअरची पेटी, जागचं हलत नाही आणि चाकं त्याच्या मानाने खाली जातात, म्हणून चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा उतार वाढतो आणि त्यांच्या सांध्यांवरचे ग्रीस धरून ठेवणारे रबरी बूट फाटतात. काही जण वरचा आर्म आणि बॉल जॉइंट (आर्म चाकाला जोडणारा गोल सांधा) यांच्यामध्ये ठोकळा घालतात, त्याने आर्म थांब्यापासून सुटतो. शाफ्टचा उतार तसाच राहतो. चार इंचाचं खरं काम म्हणजे ब्रॅकेट लावून खालचे आर्म आणि डिफरन्शियल दोन्ही खाली आणणं. ते ब्रॅकेट डोळ्यांना दिसतात. बिलात लिहिलेलं असेल तर हात लावून बघा.

गाडी घेताना किंवा कामाला देताना पुढे आडवं होऊन बॅटरी मारा. एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकच जाड नळी दिसली तर अखंड अॅक्सल. मधे डिफरन्शियल चासीला लटकलेलं आणि दोन्हीकडे रबरी बूटवाले शाफ्ट दिसले, तर चाकं स्वतंत्र. चासी नंबरातलं दहावं अक्षर साल सांगतं, एफ म्हणजे 1985, जी म्हणजे 1986. पण फक्त त्यावर जाऊ नका, नंतरच्या गाड्यांना जुना अखंड अॅक्सल बसवणारे पुष्कळ आहेत. उंची मोजाल ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, कामाआधी आणि कामानंतर. जमिनीपासून मोजली तर मोठ्या टायरची उंचीही त्यात धरली जाते.

गॅरेजवाल्याला विचारलं तर म्हणाला, स्प्रिंग काय आणि बार काय, एकच. बिलावर मात्र स्वच्छ लिहिलंय: पुढचे लीफ स्प्रिंग, 2 नग. ते बिल आणि गाडीखालचे फोटो जोडून मी स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, दावा लावलाय. कोलोरॅडोत 7,500 डॉलरपर्यंत तो वकिलाशिवाय चालवता येतो. बार पूर्वीच्या उंचीवर आणले, दोन्ही शाफ्ट नवे घातले, त्याचे 640 वेगळे.

अण्णांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "जुने पाटे परत मागितलेस का रे?"