इंटरलँड: सातवीच्या वर्गात सहा आठवडे

जुलैमधल्या एका मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली दोन जिवलग पोरं हातघाईवर आली. एकाने गेमच्या आयडीचा पासवर्ड दुसऱ्याला दिला होता, रँक वाढवून दे म्हणून. आता लॉगिन होत नव्हतं. पासवर्ड बदलला कुणी, यावरून भांडण. दोघंही रडत होते. पहिल्याचं एक वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. “बाई, नसता दिला तर तो म्हणाला असता, तुझा माझ्यावर विश्वास नाही.”

भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सातवीला शिकवते. पट एकतीस. पासवर्ड कुणाला देऊ नये हे या मुलांना मी पाच वेळा तरी सांगितलं असेल, पण पासवर्ड देणं म्हणजे मैत्री सिद्ध करणं, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच आठवड्यात मी गूगलचा ‘इंटरलँड’ हा खेळ वर्गात आणला. सहा आठवडे, दर शनिवारी एक तास. इतर शिक्षकांना उपयोग होईल म्हणून अनुभव सविस्तर लिहिते.

आधी माहिती. ‘बी इंटरनेट ऑसम’ हा गूगलचा मुलांसाठीचा ऑनलाइन सुरक्षेचा उपक्रम, २०१७ सालचा. इंटरलँड हा त्यातला ब्राउझरमध्ये चालणारा खेळ. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, मुलाचा ईमेल कुणी मागत नाही. शाळेसाठी ही फार मोठी सोय आहे. खेळात चार प्रदेश आहेत: रिअॅलिटी रिव्हर, माइंडफुल माउंटन, टॉवर ऑफ ट्रेझर आणि काइंड किंगडम. सोबत शिक्षकांसाठी पाठांची पुस्तिकाही फुकट उतरवून घेता येते. आमच्या संगणक खोलीत चालू स्थितीत चार यंत्रं, नेट माझ्या मोबाइलचं. तेवढ्यावर भागलं. एका यंत्रावर दोघं खेळायचे, बाकीचे मागे उभे राहून ओरडायचे.

टॉवरचा प्रदेश पोरांना सगळ्यात आवडला. मागे हॅकर लागलेला, आपण धावत ऐवज गोळा करायचा आणि पक्का पासवर्ड निवडून मनोरा राखायचा. भांडलेल्या दोघांना मी मुद्दाम एकाच यंत्रावर बसवलं. कोणता पासवर्ड पक्का आणि कोणता कच्चा, हे त्यांना पहिल्या दहा मिनिटांत समजलं. इतका चांगला परिणाम माझ्या कोणत्याही तक्त्याने साधला नव्हता. पण मित्राने मागितला तर काय म्हणायचं? त्याचं उत्तर मनोऱ्यात नाही. ते आम्ही वर्गात शोधलं. नाही कसं म्हणायचं याचा सराव मुलांनी जोडीजोडीने केला. एका मुलीने सुचवलेलं वाक्य सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं: “तू माझी मैत्रीण आहेस, पण पासवर्ड हा माझा टूथब्रश आहे.”

आता डोंगराकडे येते, म्हणजे माइंडफुल माउंटनकडे, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला. या प्रदेशात आरशांवरून प्रकाशाचे किरण वळवून योग्य माणसापर्यंत पोचवायचे असतात. कोणती गोष्ट कुणाला सांगायची हा त्यातला धडा. कल्पना सुंदर आहे. पण ती गृहीत धरते की मुलाचा स्वतःचा फोन आहे, स्वतःचं खातं आहे, आणि काय कुणाला दाखवायचं हे त्याच्या हातात आहे. माझ्या वर्गात हात वर करायला सांगितले. स्वतःचा फोन चौघांकडे. बाकीच्यांच्या घरी एकच चांगला फोन, तो वडिलांचा, आणि त्याचा पॅटर्न आजीपासून धाकट्यापर्यंत सगळ्यांना पाठ. गॅलरी सगळ्यांची एकच. एक मुलगी म्हणाली, “बाई, मी काढलेला फोटो आधी काका बघतात, मग मी.” या मुलीला ‘खासगी’ हा शब्द शिकवताना मी कुठून सुरुवात करणार?

मी आधार कार्डापासून केली. फळ्यावर विचारलं, तुमच्या आधारचा फोटो आत्ता कुणाकुणाच्या फोनमध्ये किंवा संगणकात आहे? पहिल्यांदा सगळे गप्प. मग एकेक उत्तर येऊ लागलं. बाबांच्या गॅलरीत. मामाच्या व्हॉट्सअॅपवर. सिमकार्डवाल्याकडे. महा ई-सेवा केंद्रात. झेरॉक्सच्या दुकानात, कारण प्रिंट काढायला त्याच्या नंबरवर पाठवलं होतं आणि ते तिथून काढून टाका असं आजवर कुणीच त्याला म्हटलेलं नव्हतं. आणि मागच्या बाकावरून एक आवाज: “बाई, तुमच्या फोनमध्ये पण!” खरंच होतं. शिष्यवृत्तीच्या कामासाठी पालकांनी मला पाठवलेले सगळे आधार माझ्या गॅलरीत पडून होते. मी त्यांच्यासमोर फोन काढला आणि एकेक करून पुसले. दहा मिनिटं गेली. वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पुढच्या शनिवारपर्यंत नऊ मुलांनी झेरॉक्सवाल्याकडे जाऊन आपापला फोटो समोर उभं राहून काढून टाकायला लावला होता. फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरून मिळतं, हेही मी तेव्हा पालकांच्या ग्रुपवर कळवलं.

नदीचं थोडक्यात सांगते. रिअॅलिटी रिव्हरमध्ये प्रश्नांची बरोबर उत्तरं देत पलीकडे जायचं असतं; खरं काय, खोटं काय, फसवणारा संदेश कसा ओळखायचा, असे प्रश्न. आम्ही खेळलो तो खेळ इंग्रजीत होता, त्यामुळे मी मागे उभी राहून मोठ्याने मराठी करत होते आणि घसा बसला. शिवाय त्यातल्या फसव्या ईमेल आमच्या मुलांच्या घरी येत नाहीत. म्हणून मी वेगळी पत्तेवजा कार्डं बनवली. ‘तुमचं मागचं वीजबिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला कनेक्शन तोडण्यात येईल, या नंबरवर फोन करा.’ ‘लाडकी बहीण केवायसी, खालील लिंकवर जा.’ ‘पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका.’ शेवटच्या कार्डावर, ज्याच्या वडिलांचा भाजीचा गाळा आहे तो मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, पैसे घ्यायला पिन लागतच नाही! इतक्या खात्रीने तो गणिताच्या तासाला कधी बोललेला नाही.

काइंड किंगडममध्ये दुःखी पात्रांना आपुलकी द्यायची आणि त्रास देणाऱ्यांना ब्लॉक करून त्यांची तक्रार करायची. लहानांना मजा आली, माझ्या सातवीला थोडं बाळबोध वाटलं. पण त्यातूनच एका मुलीने विचारलं, “बाई, ब्लॉक केलं तर त्याला कळतं का?” मी म्हटलं, इन्स्टाग्रामवर तसा निरोप जात नाही. ती म्हणाली बरं, आणि बसली. तिने ते सहज विचारलं नव्हतं हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

इथे या उपक्रमाबद्दलचं माझं मुख्य म्हणणं येतं. पुस्तिकेत पाच तत्त्वं आहेत. विचार करून शेअर करा, खोट्याला भुलू नका, गुपितं जपा, दयाळू राहा, आणि पाचवं: शंका आली तर मोठ्यांशी बोला. खेळात प्रदेश मात्र चारच. बोलण्याचा प्रदेश नाही. खेळात तो घालणं अवघड आहे हे मला समजतं, पण माझ्या मते उरलेलं सगळं त्यावरच उभं आहे. पासवर्ड कितीही पक्का असला तरी मूल बोललंच नाही तर आपल्याला काहीच कळत नाही.

ब्लॉकबद्दल विचारणारी ती मुलगी शाळा सुटल्यावर थांबली. एका गेमच्या चॅटवर कुणीतरी ओळख वाढवली होती, मग इन्स्टाग्रामवर आला होता, आता फोटो मागत होता. तिने पाठवला नव्हता. तीन आठवडे ती हे एकटीच सांभाळत होती. घरी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर तिने एका दमात सांगितलं, “फोन काढून घेतील, आणि दादाला कळलं तर शाळाच बंद.” संवाद पुसू नकोस, एवढंच मी तिला आधी सांगितलं. मग मुख्याध्यापकांना सोबत घेऊन तिच्या आईला भेटले, आईच्या फोनवर स्क्रीनशॉट घेतले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. मुलांबाबतची तक्रार तिथे नाव न देताही करता येते, हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरच्या पालकसभेत मी खेळाबद्दल दोन वाक्यं बोलले आणि उरलेला वेळ एकाच मागणीला दिला: मुलाने येऊन सांगितलं तर त्या दिवशी फोन काढून घेऊ नका. काही वडील चिडले. एक आजोबा म्हणाले, मग धाक कशाचा राहील? आम्ही तासभर बोललो. बावीस पालकांनी कागदावर सही केली. तो कागद वर्गात लावला आहे, त्याखाली १०९८ आणि १९३० हे दोन नंबर मोठ्या अक्षरात. पहिला मुलांच्या मदतीसाठी, दुसरा ऑनलाइन पैसे गेले तर ताबडतोब फिरवायचा.

संगणक नसलेल्या शाळांनी पुस्तिका जरूर घ्यावी. तिच्यातला गुपिताचा उपक्रम कागद-पेन्सिलीवर होतो: खोटंच एक गुपित लिहायचं, कागदाची घडी घालायची, आणि ते कुणाला दाखवशील, त्याने पुढे दाखवलं तर काय, यावर बोलायचं. आम्ही तो वडाखाली बसून केला. तिसरी ते सहावीला इंटरलँड छान बसेल. सातवी-आठवीला मराठी कार्डं जोडून वापरा. एका तासाला एकच प्रदेश घ्या आणि अर्धा वेळ खेळ थांबवून बोला. सगळा एका दिवसात संपवला तर मुलं फक्त उड्या मारतील.

खेळ पूर्ण केला की प्रमाणपत्र मिळतं. सहाव्या शनिवारी मी सगळ्यांची छापून आणली, व्हरांड्यात मुलांना ओळीत उभं केलं आणि फोटो काढला. सवयीने शाळेच्या ग्रुपवर टाकायला बोट गेलं. तेवढ्यात तीच मुलगी जवळ येऊन म्हणाली, “बाई, आमच्या घरी विचारलं का?” मी फोन खाली घेतला. सोमवारी प्रत्येकाच्या वहीत चिठ्ठी गेली. एकोणतीस घरांतून होकार आला, दोन घरांतून नकार. मंगळवारी एकोणतीस जणांना घेऊन फोटो पुन्हा काढला. उरलेल्या दोघांपैकी एकाने तो काढला, दुसऱ्याने सगळ्यांना हसवलं.